कॅज्युअल्टीतली सोनोग्राफी: खाटेशेजारी डॉक्टर नेमकं काय शोधत असतात?

कॅज्युअल्टीत एक पेशंट येतो. अंग गार, घामाने भिजलेलं, वरचं बीपी जेमतेम ७०, नाडी १३०. कारण काय असेल? पोटात रक्तस्राव होत असेल. हृदयविकाराचा झटका येऊन हृदयाची ताकद गेली असेल. फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असेल. हृदयाभोवतीच्या आवरणात द्रव साचून हृदय दाबलं जात असेल. किंवा जंतुसंसर्ग रक्तात पसरला असेल. बाहेरून पाहिलं तर हे पाचही पेशंट बरेचसे सारखे दिसू शकतात. उपचार मात्र एकमेकांशी जुळत नाहीत. पहिल्याला रक्त आणि ऑपरेशन हवं. दुसऱ्याला भराभर सलाइन दिली तर फुप्फुसात पाणी भरेल. चौथ्याच्या हृदयाभोवतीचा द्रव काढेपर्यंत औषधांचा फारसा उपयोग नाही.

ठरवायला वेळ असतो काही मिनिटांचा. सीटी स्कॅनमधून उत्तर मिळेल, पण इतक्या अस्थिर पेशंटला दुसऱ्या खोलीत हलवायचं म्हणजे जोखीम. मशीनच्या आत असताना हृदय बंद पडलं तर माणसं बाहेर, औषधं बाहेर. म्हणून डॉक्टर सोनोग्राफीचं छोटं मशीन खाटेशेजारी ओढून घेतात आणि स्वतःच प्रोब, म्हणजे अंगावर टेकवायचा मशीनचा भाग, हातात धरतात. डॉक्टरमंडळी या तपासणीला ‘पोकस’ म्हणतात. पॉइंट-ऑफ-केअर अल्ट्रासाउंड या लांबलचक नावाचं ते लघुरूप.

मशीन तेच, काम वेगळं

रेडिऑलॉजिस्टकडची पोटाची सोनोग्राफी सर्वंकष असते. यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड, दोन्ही मूत्रपिंडं, सगळं पाहायचं, मोजायचं आणि रीतसर रिपोर्ट लिहायचा. कॅज्युअल्टीतला डॉक्टर यातलं जवळपास काहीच करत नाही. तो एखादाच प्रश्न विचारतो, आणि तोही हो-नाहीत उत्तर येईल असा. पोटात मोकळा द्रव आहे का? हृदय आकुंचन पावतंय का? फुप्फुस छातीच्या आतल्या बाजूला टेकलेलं आहे का?

शिवाय प्रश्न विचारणारा, चित्र काढणारा, ते वाचणारा आणि त्यावर उपचार ठरवणारा माणूस एकच असतो. त्यामुळे ही रेडिऑलॉजीची छोटी आवृत्ती न मानता नाडी पाहणं, पोट दाबून बघणं, स्टेथोस्कोप लावणं यांच्या रांगेतली तपासणी मानावी, असं मला वाटतं. तसं मानलं की तिच्याकडून काय अपेक्षा ठेवायची आणि काय ठेवायची नाही, हे बरंच स्पष्ट होतं.

काळं काय, पांढरं काय

प्रोबमध्ये असे स्फटिक असतात की वीज दिली की ते थरथरतात आणि कुणी थरथरवलं की वीज निर्माण करतात. हा गुणधर्म १८८० मध्ये जाक आणि पिएर क्युरी या भावांनी शोधला. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. प्रोबमधला आवाज काही दशलक्ष हर्ट्झचा असतो. तो शरीरात शिरतो, वेगवेगळ्या थरांवर आपटून परततो. मऊ ऊतींमधला त्याचा वेग सेकंदाला १५४० मीटर धरला जातो. परत यायला किती वेळ लागला यावरून खोली कळते, किती जोरात परतला यावरून ठिपका किती उजळ दाखवायचा ते ठरतं.

द्रवात आपटायला काही नसतं, म्हणून द्रव काळा दिसतो. हाड जवळजवळ सगळा आवाज परतवतं, म्हणून ते लखलखीत पांढरं आणि त्याच्यामागे काळी सावली. हवेच्या थरापलीकडे आवाज जवळजवळ जातच नाही. पलीकडचं काही दिसत नाही. त्वचेवर जेल लावतात ते याचसाठी, प्रोब आणि कातडी यांच्यामधली हवा घालवायला.

एक तडजोड मात्र कायम असते. वारंवारता जास्त ठेवली तर चित्र बारीक, स्पष्ट येतं, पण आवाज खोलवर पोचत नाही. कमी ठेवली तर खोलवर दिसतं, पण ढोबळ. म्हणून पोटासाठी २ ते ५ मेगाहर्ट्झचा बाकदार प्रोब, शिरा आणि कातडीजवळच्या भागांसाठी ५ ते १५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा सपाट प्रोब, आणि बरगड्यांच्या फटीतून हृदय पाहायला लहान तोंडाचा तिसरा प्रोब.

‘द्रव काळा दिसतो’ एवढं एक वाक्य लक्षात ठेवलं तरी पुढची बरीचशी तपासणी समजते.

अपघात: चार जागा आणि एक प्रश्न

ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी पोटातल्या गाठी अल्ट्रासाउंडने ओळखता येतात हे १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. पण अपघाताच्या पेशंटसाठी हे तंत्र रुळायला बरीच वर्षं गेली. १९६५ पासून वापरात आलेली पद्धत वेगळी होती. बेंबीजवळ छेद देऊन पोटात नळी घालायची, सलाइन सोडायची, ती परत बाहेर काढायची आणि तिच्यात रक्त आहे का ते पाहायचं. उत्तर बऱ्यापैकी खात्रीचं मिळायचं, पण पोटाला भोक पाडून. १९९० च्या दशकात तिची जागा सोनोग्राफीच्या एका ठरावीक तपासणीने घेतली. तिचं नाव ‘फास्ट’.

फास्टमध्ये चार जागा बघतात, आणि त्या जागा निवडण्यामागे साधं गुरुत्वाकर्षण आहे. माणूस उताणा झोपला की पोटातलं मोकळं रक्त सर्वांत खोलगट भागांकडे वाहत जातं. उजव्या बाजूला यकृत आणि मूत्रपिंड यांच्यामध्ये अशी एक खोलगट जागा असते. तिला मॉरिसन पाउच म्हणतात. निरोगी माणसात तिथे यकृत आणि मूत्रपिंड एकमेकांना चिकटलेले दिसतात. मध्ये काळा पट्टा दिसला तर तो द्रव. डाव्या बाजूला प्लीहेच्या आसपास बघायचं, आणि तिथे रक्त बऱ्याचदा मूत्रपिंडाकडे जायच्या आधी प्लीहा आणि श्वासपटल यांच्यामध्ये साचतं, म्हणून प्रोब जरा वर सरकवावा लागतो. तिसरी जागा ओटीपोटात, मूत्राशयाच्या मागे. चौथी हृदयाभोवतीचं आवरण, छातीच्या हाडाच्या खालच्या टोकाकडून वर तिरपं पाहून. सरावलेल्या हाताला या सगळ्याला दोन-तीन मिनिटं पुरतात.

मार लागलेला, बीपी पडलेला पेशंट, आणि मॉरिसन पाउचमध्ये काळा पट्टा: याचा अर्थ रक्तस्राव आहे असं धरून त्याला थेट ऑपरेशन थिएटरमध्ये नेतात. कुठला अवयव फाटलाय हे फास्ट खात्रीने सांगत नाही. सांगण्याची गरजही नसते, ते पोट उघडल्यावर सर्जनला दिसतं.

आता उलट बाजू. पट्टा दिसला नाही तर? इथेच गैरसमज होतात. द्रव दिसायला तो पुरेसा साचावा लागतो. २०० मिलिलिटरपेक्षा कमी असेल तर तो सहसा निसटतो, आणि बऱ्याचदा नजरेत भरायला त्याहून खूप जास्त लागतो. अपघातानंतर दहा मिनिटांत तपासणी केली तर रक्त अजून साचलेलंच नसेल. गोठलेलं रक्त काळं न दिसता करडं दिसतं आणि आजूबाजूच्या भागात मिसळून जातं. पोटाच्या पोकळीच्या मागच्या बाजूला, कण्याजवळ किंवा कंबरेच्या मोडलेल्या हाडाभोवती होणारा रक्तस्राव फास्टला दिसतच नाही. आतडं फुटलेलं बहुधा कळत नाही. म्हणून ‘फास्ट निगेटिव्ह’ या शब्दांनी कुणीही निर्धास्त होऊ नये. पेशंट स्थिर असेल तर सीटी करायचा, तपासणी काही वेळाने पुन्हा करायची. एकदाच केलेली फास्ट ही फक्त त्या मिनिटाची माहिती असते.

‘हो’ हे उत्तरही डोळे मिटून घ्यायचं नाही. जुन्या यकृतविकाराने पोटात पाणी झालेल्या माणसाला अपघात झाला, तर काळा पट्टा आधीपासूनच असणार. मूत्राशय फुटलं तर पोटात साचलेली लघवीही काळीच. मशीन द्रव दाखवतं. तो रक्त आहे की नाही, हे पेशंटची हकिकत आणि त्याचं बीपी पाहून डॉक्टरलाच ठरवावं लागतं.

फुप्फुस: जिथे काही दिसायला नको होतं

हवा ही सोनोग्राफीची शत्रू, आणि फुप्फुस हवेनेच भरलेलं. त्यामुळे फुप्फुसाची सोनोग्राफी होऊच शकत नाही, असं वैद्यकशास्त्र बराच काळ मानत होतं. फ्रान्समधले अतिदक्षता तज्ज्ञ डॅनियल लिश्टेनस्टाइन यांनी ही समजूत बदलायला मोठा हातभार लावला. फुप्फुस दिसत नाही हे खरंच. पण त्याच्या पृष्ठभागावर काय घडतंय ते दिसतं, आणि दिसणाऱ्या आभासी रेघांनाही अर्थ असतो.

सपाट प्रोब छातीवर दोन बरगड्यांच्या मध्ये ठेवला की एक चमकदार आडवी रेघ दिसते. ती फुप्फुसाच्या आवरणाची. श्वासागणिक फुप्फुस छातीच्या आतल्या अस्तरावरून घसरतं, आणि ती घसरण पडद्यावर स्पष्ट दिसते. रेघ जणू झिलमिल करत मागेपुढे सरकते. फुप्फुस आणि छातीची भिंत यांच्यामध्ये हवा शिरली, म्हणजे न्यूमोथोरॅक्स झाला, की घसरण थांबते.

इथे उत्तराचं वजन फास्टच्या उलट आहे, आणि मला हाच भाग सगळ्यांत रोचक वाटतो. घसरण दिसली, तर प्रोबखालच्या त्या जागी न्यूमोथोरॅक्स नाही हे जवळजवळ नक्की. घसरण दिसली नाही, तर मात्र न्यूमोथोरॅक्स असेलच असं नाही. पेशंट श्वासच घेत नसेल. श्वासनलिकेत घातलेली नळी एका बाजूला खोल गेली असेल आणि दुसऱ्या फुप्फुसात हवा पोचत नसेल. जुन्या आजारामुळे फुप्फुस छातीला चिकटलेलं असेल. मग डॉक्टर प्रोब बाजूला सरकवत अशी जागा शोधतात जिथे एका श्वासात घसरण दिसते आणि दुसऱ्यात नाहीशी होते, म्हणजे हवेच्या कप्प्याची कड. तिला ‘लंग पॉइंट’ म्हणतात. ती सापडली की न्यूमोथोरॅक्स पक्का मानतात. मात्र फुप्फुस पूर्ण मिटलेलं असेल तर ती कड मिळतच नाही.

छातीच्या एक्स-रेशी तुलना केली तर फरक मोठा आहे. उताण्या झोपलेल्या माणसात हवा पुढच्या बाजूला पसरते आणि एक्स-रेत सहज लपते. कॉक्रेन संस्थेने २०२० मध्ये अपघातग्रस्त पेशंटांवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. त्यात न्यूमोथोरॅक्स असलेल्या १०० पैकी सुमारे ९१ जण सोनोग्राफीने पकडले गेले, झोपवून काढलेल्या एक्स-रेने सुमारे ४७. म्हणूनच आता फास्टमध्ये छातीच्या दोन्ही बाजूही धरतात आणि तिला ‘ई-फास्ट’ म्हणतात. अर्थात बीपी कोसळलंय, श्वास अडकलाय, एका बाजूला हवा जात नाही आणि मानेच्या शिरा फुगल्यात, असा पेशंट समोर असेल तर मशीन शोधत बसायचं नाही. छातीतली हवा आधी सोडायची.

आता धाप लागलेल्या पेशंटचं बघू. वयस्कर माणूस, जुना दम्यासारखा आजार, शिवाय हृदयही कमकुवत. रात्री अचानक धाप लागते, छातीत घरघर ऐकू येते. श्वासनलिका आवळल्यात की फुप्फुसात पाणी भरलंय? स्टेथोस्कोपने दोन्हींत घरघर ऐकू येऊ शकते. सोनोग्राफीत फरक दिसतो. हवेने भरलेल्या फुप्फुसात आवरणाच्या रेघेखाली समान अंतरावर आडव्या रेघा दिसतात, त्या ए-लाइन्स. फुप्फुसाच्या जाळीत पाणी साचलं की आवरणापासून पडद्याच्या तळापर्यंत जाणारे उभे पांढरे झोत दिसतात; त्या बी-लाइन्स. एका फटीत तीन किंवा जास्त झोत आणि दोन्ही बाजूंना अनेक जागी तसंच चित्र असेल, तर हृदय कमजोर होऊन फुप्फुसात पाणी भरल्याची शक्यता खूप वाढते. लिश्टेनस्टाइन यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या २६० पेशंटांच्या अभ्यासात अशा चिन्हांच्या पायऱ्या लावून धाप लागण्याचं कारण ९०.५ टक्के पेशंटांत बरोबर ओळखता आलं होतं. पण बी-लाइन्स न्यूमोनियात दिसतात आणि फुप्फुस आक्रसण्याच्या जुन्या आजारांतही. एकाच बाजूला, एकाच ठिकाणी दिसल्या तर विचार न्यूमोनियाकडे वळवायचा.

हृदय

हृदयतज्ज्ञांची इको तपासणी झडपा, कप्पे, दाब असं सगळं मोजते. कॅज्युअल्टीत प्रश्न मोजकेच: भोवती द्रव आहे का, डावा कप्पा जोरात आकुंचन पावतोय का, उजवा कप्पा फुगलाय का.

हृदयाभोवतीच्या द्रवाबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्यावी: द्रव किती आहे यापेक्षा तो किती वेगाने साचला हे जास्त महत्त्वाचं. आवरण ताणायला वेळ मिळाला, तर महिन्यांत साचलेला लिटरभर द्रव घेऊनही माणूस चालत येतो. चाकूच्या वाराने दीड-दोनशे मिलिलिटर रक्त मिनिटांत साचलं, तर हृदय भरूच शकत नाही आणि जीव जातो. म्हणून काळं कडं दिसलं एवढ्यावर थांबता येत नाही. हृदय सैल पडण्याच्या क्षणी उजवे कप्पे आत दबतायत का ते पाहतात. अमेरिकन सर्जन क्लॉड बेक यांनी १९३५ मध्ये सांगितलेली तीन लक्षणं, म्हणजे पडलेलं बीपी, फुगलेल्या मानेच्या शिरा आणि दबलेले हृदयाचे ठोके, पाठ्यपुस्तकात कायम भेटतात. खऱ्या पेशंटमध्ये तिन्ही एकत्र क्वचितच सापडतात, आणि गजबजलेल्या कॅज्युअल्टीत दबलेले ठोके ऐकायचे तरी कसे?

उजवा कप्पा एरवी डाव्यापेक्षा लहान असतो. तो डाव्याएवढा किंवा मोठा दिसला आणि पेशंट अचानक कोसळलेला असेल, तर फुप्फुसातल्या गुठळीचा संशय बळावतो. मात्र फुप्फुसाच्या जुनाट आजारातही उजवा कप्पा वर्षानुवर्षं ताणलेला राहतो. आणि उजवा कप्पा ठीक दिसला म्हणून गुठळी नाही असंही नाही. लहान गुठळ्यांनी त्याला काही होत नाही. बीपी चांगलंच पडलेलं आहे आणि उजवा कप्पा तरीही ठीक आहे, तर बीपी पडण्याचं कारण गुठळी असण्याची शक्यता कमी, एवढंच म्हणता येतं.

सुरुवातीच्या त्या पेशंटसाठी अनेक तपासण्या एका क्रमात बसवलेल्या आहेत. त्यांतली ‘रश’ नावाची पद्धत डॉक्टरांना पंप, टाकी आणि पाइप अशी शिकवतात. पंप म्हणजे हृदय. टाकी म्हणजे शरीरातलं रक्त आणि ते कुठे गळतंय का ते, म्हणजे पोट आणि छाती. पाइप म्हणजे महाधमनी आणि पायांच्या शिरा.

टाकी किती भरली आहे ते पाहायला हृदयाकडे जाणाऱ्या मोठ्या नीलेची रुंदी मोजतात. ती बारीक आणि श्वासासरशी मिटणारी असेल तर शरीरात द्रव कमी, जाड आणि न हलणारी असेल तर भरपूर, असा ठोकताळा आहे. मला विचाराल तर या मोजमापाला गरजेपेक्षा जास्त मान मिळतो. पेशंट किती जोरात श्वास घेतोय, व्हेंटिलेटरवर आहे का, उजवं हृदय कमजोर आहे का, प्रोब जरा तिरपा पडला का, सगळ्याने आकडा बदलतो. दोन टोकांची चित्रं उपयोगी पडतात. मधल्या आकड्यांवर सलाइनचा निर्णय घेऊ नये.

हृदय बंद पडलेलं असताना

छाती दाबण्याचं काम चालू असताना दर दोन मिनिटांनी क्षणभर थांबून नाडी पाहतात, आणि हा थांबा १० सेकंदांपेक्षा जास्त नसावा असा नियम आहे. या थांब्यात प्रोब ठेवून हृदयाचे स्नायू हलतायत का पाहता येतं. अमेरिका आणि कॅनडातल्या २० रुग्णालयांत झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ७९३ पेशंट होते. हृदयाची हालचाल दिसली त्यांच्यातले ३.८ टक्के पेशंट जगून घरी गेले, दिसली नाही त्यांच्यातले ०.६ टक्के. म्हणजे हालचाल नसणं वाईट खूण आहे, पण ते शून्य नाही. प्रयत्न थांबवायचे का, हे एकट्या या चित्रावर ठरवता येत नाही.

या वापराची दुसरी बाजू जास्त बोचरी आहे. सोनोग्राफी केली तेव्हा हे थांबे लांबतात, असं २०१७ च्या एका छोट्या अभ्यासात दिसलं: सरासरी २१ सेकंद, आणि न केली तेव्हा १३. छाती दाबणं थांबलं की मेंदूचा रक्तपुरवठाही थांबतो. चित्र बघण्याच्या नादात पेशंटचं नुकसान होण्याचा हा सरळ मार्ग आहे. त्यावर शिस्त अशी: छाती दाबणं चालू असतानाच प्रोब जागेवर आणून ठेवायचा, थांबा सुरू होताच काही सेकंदांची क्लिप रेकॉर्ड करायची, कुणीतरी मोठ्याने सेकंद मोजायचे, पुन्हा दाबायला सुरुवात, आणि क्लिप नंतर पाहायची. प्रोब धरणाऱ्याने त्या वेळी टीमचं नेतृत्व करू नये.

बाकीचे उपयोग

महाधमनीचा पोटातला भाग ३ सेंटीमीटरपेक्षा रुंद असेल तर तो फुगा. पोट-पाठ दुखत असलेल्या, बीपी पडलेल्या वयस्कर माणसात तो दिसला की रक्तवाहिन्यांच्या सर्जनला तातडीने फोन जातो. फुगा खाटेशेजारी सहज दिसतो, तो फुटलाय का हे मात्र बहुधा नाही.

पायाच्या शिरेतली गुठळी शोधायची रीत तर फारच साधी. जांघेत आणि गुडघ्यामागे प्रोबने दाबायचं. निरोगी शीर दाबली की पूर्ण मिटते. गुठळी असेल तर मिटत नाही.

मूतखड्यासाठी २०१४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या अभ्यासात २,७५९ पेशंट होते. काहींची आधी सोनोग्राफी केली, काहींचा थेट सीटी. सोनोग्राफीने सुरुवात केलेल्यांत गंभीर निदान निसटल्यामुळे होणारी गुंतागुंत वाढली नाही, आणि किरणोत्सर्ग कमी झाला. त्यांतल्या बऱ्याच जणांना पुढे सीटी लागलाच, पण सगळ्यांना नाही.

गर्भारपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत पोटात दुखणं किंवा रक्तस्राव यासाठी आलेल्या बाईमध्ये भीती असते गर्भ गर्भाशयाबाहेर, बहुधा नलिकेत, रुजल्याची. पण नलिकेतला गर्भ शोधणं अवघड. म्हणून प्रश्न फिरवून विचारतात: गर्भाशयात गर्भ दिसतोय का? पिशवी आणि तिच्या आत अंडपीतकाची छोटी गोल कडी दिसली की नलिकेतला गर्भ जवळजवळ बाद, कारण दोन्हीकडे एकाच वेळी गर्भ असणं अतिशय दुर्मीळ. वंध्यत्वाचे उपचार घेतलेल्या बाईत ते इतकं दुर्मीळ राहत नाही, म्हणून हा प्रश्न आधी विचारून घ्यावा लागतो. गर्भाशय रिकामं आणि मॉरिसन पाउचमध्ये काळा पट्टा असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना लगेच बोलावतात.

याशिवाय डोळ्याचा पडदा सुटलाय का, कातडीखाली पू झालाय की नुसती सूज आहे हे पाहायला, आणि मानेतल्या मोठ्या शिरेत नळी घालताना सुई डोळ्यांसमोर ठेवायला प्रोब रोज हाताशी लागतो. डोळ्यावर वापरताना मशीनची ताकद कमी ठेवतात. एक्स-रेसारखे किरण यात नसले तरी आवाजाने ऊतींना थोडी उष्णता पोचते, आणि डोळा नाजूक.

निदान लवकर झालं, पण पेशंट वाचला का?

हा प्रश्न टाळून या विषयावर लिहिणं अप्रामाणिक ठरेल. बीपी पडण्याचं कारण माहीत नसलेल्या पेशंटांवर उत्तर अमेरिका आणि दक्षिण आफ्रिकेत एक चाचणी झाली. निष्कर्ष २०१८ मध्ये आले. २७३ पेशंट, निम्म्यांना नेहमीच्या तपासणीबरोबर सोनोग्राफी, निम्म्यांना नाही. ३० दिवसांनंतर जगलेल्यांच्या प्रमाणात फरक पडला नाही.

काहींनी यावरून तपासणीच निरुपयोगी ठरवली. मला ते पटत नाही. त्या पेशंटांत बऱ्याच जणांना जंतुसंसर्ग होता, आणि त्यावरचा उपचार चित्र पाहून फारसा बदलत नाही. हृदयाभोवती रक्त साचलेला पेशंट शंभरात एखादा असेल, तर त्याचा फायदा सरासरीत बुडून जातो. पण ‘प्रत्येकावर प्रोब ठेवला की जीव वाचतात’ हा दावाही त्या चाचणीने खोडला. प्रश्न न ठरवता अंगभर प्रोब फिरवला तर नको ते सापडतं आणि वेळ जातो.

कौशल्याचा मुद्दाही इथेच येतो. चित्र मिळवणं, ते वाचणं आणि त्याचा अर्थ त्या पेशंटला लावणं, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. हृदयावरची चरबी नवख्याला द्रव वाटते. जठरातलं पाणी डाव्या बाजूला मोकळ्या रक्तासारखं दिसतं. डाव्या फुप्फुसाभोवतीचं पाणी हृदयाभोवतीचं वाटू शकतं. ते ओळखायला द्रव महाधमनीच्या पुढे आहे की मागे ते पाहतात. आणि काही दिसणारच असं मनात धरून बसलं की ते दिसतं. अमेरिकेतल्या आपत्कालीन वैद्यकांच्या संघटनेने एकेका उपयोगासाठी २५ ते ५० तपासण्या देखरेखीखाली करण्याची शिफारस केली आहे. फोनला जोडता येणारे प्रोब आल्यापासून मशीन मिळवणं सोपं झालंय. त्या तपासण्यांची संख्या मात्र कमी झालेली नाही.

पेशंट किंवा नातेवाईक म्हणून तुम्ही तिथे असाल, तर दोन गोष्टी विचारायला हरकत नाही: यातून नेमकं काय शोधत होतात, आणि यात जे दिसत नाही त्यासाठी पुढे काय करणार? दुसऱ्या दिवशी रेडिऑलॉजी विभागात पुन्हा सोनोग्राफी सांगितली, तर ती दुबार तपासणी नसते. रात्री डॉक्टरांनी पोटात रक्त आहे का एवढंच पाहिलेलं असतं. पित्ताशयात खडे आहेत का, मूत्रपिंडावर गाठ आहे का, याकडे तेव्हा कुणी बघितलेलंच नसतं.